यंत्राचा मगदूर

चैत्र लागला म्हणजे नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यात पसरलेल्या आमच्या मुलखात, बारामतीपासून थेट नीरा-नरसिंहपूरच्या संगमापर्यंत, दुपारचा पारा चाळीस अंशांवर चढतो; गुरे निंबाच्या सावलीला उभी राहतात, पेठा ओस पडतात, आणि ज्यांना शक्य असते ती माणसे पडवीत अंग टाकतात. अशा वेळी पत्र्याखालच्या एखाद्या खोलीत सीईटीची तयारी करणारा मुलगा पदार्थविज्ञानाचे व्याख्यान पाहत बसलेला असतो. कुठे शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात ऐकून आलेल्या ऊसलागवडीच्या पद्धतीची चित्रफीत बापलेक पुनःपुन्हा थांबवून पाहत असतात. कुठे डोळ्यांनी अधू झालेल्या आजीसाठी कीर्तन लावलेले असते. ज्या यंत्रावर हे सारे चालते ते यंत्र बहुधा नवे नसते. पुण्याच्या एखाद्या कचेरीने निकालात काढलेला, कोणा चुलत्याने खटपट करून स्वस्तात मिळवून दिलेला तो लॅपटॉप असतो, आणि घरातील तिघाचौघांची विद्या, व्यवसाय आणि विरंगुळा त्या एकावर अवलंबून असतो.

अशा यंत्रावर नवी कार्यप्रणाली चढविण्याचा प्रसंग आज ना उद्या येतोच. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या बंद झाल्यावर जुन्याच प्रणालीवर बँकेचे व्यवहार करीत राहणे शहाणपणाचे नव्हे, म्हणून त्या सुमारास अनेक घरांनी कोणती ना कोणती नवी प्रणाली घेतली. कोणी विकतची घेतली, तर कोणी मोफत मिळणारी मुक्त प्रणाली पसंत केली. आमच्या घरीही असेच झाले. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, जी मी त्यानंतर इतक्या घरांतून ऐकली आहे की तिला आमच्या एकट्याचे दुर्दैव म्हणवत नाही: लिहिणे, वाचणे, हिशेब करणे यांत यंत्र पूर्ववत शांत असते, परंतु चित्रफीत लावली की पाच-दहा मिनिटांत त्याचा पंखा ओरडू लागतो, तळ हात लावू नये इतका तापतो, चित्र अडखळते, आणि कधी कधी यंत्र आपण होऊन बंद पडते.

दुरुस्तीच्या दुकानात याची जी निदाने सांगितली जातात ती ठरावीक आहेत. धूळ बसली आहे, ब्लोअर मारावा लागेल. चिपवरची पेस्ट सुकली आहे, बदलावी लागेल. मशीनच जुने झाले, आता नवे घ्या. यांतील पहिली दोन बहुतेक वेळा खरीही असतात, कारण आमच्याकडची धूळ बारीक आहे आणि उन्हाळ्यात ती कोठेही शिरते. परंतु कालपर्यंत जे यंत्र त्याच धुळीनिशी आणि त्याच सुकलेल्या पेस्टनिशी तेच व्याख्यान थंडपणे दाखवीत होते, ते आज एकाएकी का तापावे, याचे उत्तर धुळीत नाही. ते समजण्यासाठी चित्रफीत म्हणजे काय हे थोडे खोलात जाऊन पाहावे लागते.

आज सर्वत्र रूढ असलेल्या पूर्ण एचडी चित्राच्या एका चौकटीत एक हजार नऊशे वीस गुणिले एक हजार ऐंशी, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात, आणि अशा तीस चौकटी सेकंदाला डोळ्यांसमोरून गेल्या म्हणजे आपणास हालचाल दिसते. सेकंदाला सहा कोटींहून अधिक बिंदूंचा हा हिशेब कोणत्याही खेड्यातील जोडणीवरून जसाच्या तसा वाहून आणणे अशक्य असते. म्हणून चित्रफीत नेहमी संकेतबद्ध करून, आटवून पाठवितात. आटविण्याची रीत आमच्या तलाठ्यांच्या दफ्तराशी फार मिळतीजुळती आहे. चौकटीचे लहान लहान चौकोन पाडले जातात, जणू गावच्या शिवाराचे सर्व्हे नंबरच. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या संकेतपद्धतीत एका पूर्ण एचडी चौकटीचे असे ८,१६० चौकोन होतात. अधूनमधून एक चौकट संपूर्ण लिहिली जाते, आणि तिच्यामागून येणाऱ्या चौकटींत कोणत्या चौकोनात काय बदलले, कोणता चौकोन किती सरकला, एवढीच नोंद असते, ज्याप्रमाणे सातबारा दरवर्षी नव्याने रचीत नाहीत, फेरफार तेवढा चढवितात. पाहणाऱ्याच्या यंत्राने त्या फेरफारांवरून सेकंदाला तीस वेळा सगळा नकाशा पुन्हा उभा करावयाचा असतो. पुढे २०१३ मध्ये व्हीपी९ आणि २०१८ मध्ये एव्ही१ या पद्धती आल्या. त्यांनी चौकोनांचे आकार मोठे आणि लवचीक केले, नोंदींची भाषा अधिक सूक्ष्म केली, आणि त्यायोगे तेच चित्र थोड्या आकारात बसविले. पण नकाशा उभा करणाऱ्याचे श्रम मात्र वाढले.

हे श्रम करण्यासाठी यंत्राच्या चिपमध्ये दोन ठिकाणे असतात. एक म्हणजे सर्वसाधारण प्रोसेसर, जो सांगाल ते काम करतो. दुसरे म्हणजे चित्रप्रक्रियेच्या भागातील एक लहानसे स्वतंत्र मंडल, ज्याला विशिष्ट संकेत उलगडण्यापलीकडे दुसरे काहीही येत नाही, परंतु तेवढे काम ते अत्यल्प विजेत पार पाडते. २०१४ सालच्या सुमाराच्या लॅपटॉपमधील या मंडलाला एच.२६४ उत्तम येते, एच.२६५, व्हीपी९ किंवा एव्ही१ मात्र ते पूर्णपणे उलगडू शकत नाही, कारण चिप बाहेर पडल्यावर तिच्या धातूत नवे शिक्षण घालता येत नाही. आणि जे येते तेही करण्यासाठी कार्यप्रणाली आणि हे मंडल यांच्या मध्ये ड्रायव्हर नावाचा एक मध्यस्थ लागतो. नवी प्रणाली चढविताना जुन्या चिपचा खास ड्रायव्हर गळून जातो आणि त्याच्या जागी कसेबसे चित्र दाखविणारा एक सरसकट ड्रायव्हर येतो, असे पुष्कळदा घडते. पडदा उजळतो, अक्षरे दिसतात, कोणास काही उणे वाटत नाही. परंतु उलगडण्याचे मंडल निष्क्रिय होऊन पडलेले असते, आणि त्याचा सगळा भार, शिवाय चित्र पडद्यावर मांडण्याचाही भार, प्रोसेसरच्या माथी येतो. यंत्र तापते ते या भाराने.

या दोन प्रकारांतील भेद मला कळला तो निमगाव केतकीला, बहिणीच्या घरी. तुकाराम महाराजांच्या पालखीचे पहिले गोल रिंगण इंदापूर तालुक्यात बेलवाडीला होते. ते आटोपल्यावर पालखी पुढे निमगावावरून इंदापुराकडे जाते. आदल्या आषाढात भाच्याने ते रिंगण आपल्या नव्या मोबाईलवर टिपून ठेवले होते, आणि चैत्रात सगळे जमलो असता माझ्या लॅपटॉपवर ते लावले. अश्व धावू लागला, टाळांचा गजर स्पष्ट ऐकू येत राहिला, आणि चित्र मात्र पताकांच्या रांगेवर थिजून उभे राहिले. थोड्या वेळाने ते एकदम सुटले तेव्हा अश्व पलीकडच्या अंगाला पोहोचलेला होता. ज्यांना गुडघ्यांमुळे आता बेलवाडीपर्यंत जाववत नाही, त्या बहिणीच्या सासूबाई हात जोडून बसल्या होत्या. मला त्या क्षणी यंत्राचा नव्हे, त्यांच्या त्या जोडलेल्या हातांचा विषाद वाटला.

भाचा बारामतीस अभियांत्रिकी शिकतो. तो म्हणाला, “मामा, हा व्हिडिओ फोरकेमधला आहे, साठ फ्रेमचा, आणि एच.२६५ मधला. ह्या मशीनला तो कधीच झेपला नसता. पण तुमची लेक्चर्स साधी एच.२६४ मधली, तीसुद्धा तापवतात म्हणता ना? मग तिथं ड्रायव्हरच नाही लागलेला. दोन वेगळे आजार आहेत हे.”

त्याच्या म्हणण्याचा हिशेब मी कागदावर करून पाहिला. फोरके चौकटीत ८२,९४,४०० बिंदू, आणि त्या सेकंदाला साठ. म्हणजे माझ्या व्याख्यानांच्या आठपट भार, आणि तोही ज्या भाषेचे अक्षर त्या मंडलाला येत नाही त्या भाषेत. त्या रात्री भाच्याने ते रिंगण आपल्या संगणकावर पूर्ण एचडीत आणि एच.२६४ मध्ये उतरवून घेतले, माझ्या यंत्राला त्याच्या निर्मात्याने दिलेला जुना खास ड्रायव्हर शोधून बसविला, आणि सकाळी सासूबाईंनी अश्वाची पूर्ण फेरी पाहिली.

उन्हाळ्याचा या प्रकरणात किती वाटा असतो तेही लक्षात घेण्याजोगे आहे. चिपमधील उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंखा तिच्यावरून खोलीतील हवा फिरवितो. ती हवा किती उष्णता वाहून नेईल हे जाळी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर ठरते. जाळी ऐंशी अंशांवर आहे असे धरले, तर पौषातल्या पहाटे पंधरा अंशांच्या हवेशी तिचे अंतर पासष्ट अंश पडते, आणि चैत्रातल्या दुपारी चाळीस अंशांच्या हवेशी केवळ चाळीस. म्हणजे तोच पंखा त्याच वेगाने फिरला तरी हिवाळ्याच्या सुमारे तीनपंचमांश इतकीच उष्णता बाहेर घालवितो. पुष्कळशा चिपांची कमाल मर्यादा शंभर अंशांच्या आसपास ठेवलेली असते. तिच्या जवळ पोहोचताच चिप स्वसंरक्षणार्थ आपला वेग स्वतःच घटविते, आणि वेग घटला की फेरफार चढविण्याचे काम मागे पडते. सासूबाईंच्या समोर चित्र थिजले होते त्यात याही कारणपरंपरेचा वाटा होता. थंड हवेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी आपल्या प्रणालीची परीक्षा घेतली, त्यांच्या कल्पनेत पत्र्याखालची ही खोली बहुधा आलीच नसावी.

आणि येथे मला ज्या गोष्टीची वारंवार आठवण होते ती याच भूमीवर घडलेली आहे. पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारने दख्खनच्या जमिनीची नवी आकारणी करण्याचे ठरविले आणि ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या बुद्धिमान अधिकाऱ्याकडे दिले. प्रिंगल अर्थशास्त्र शिकून आलेला होता. जमिनीच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता जे निव्वळ उरेल त्याचे शेकडा पंचावन्न सरकारचे, असे त्याचे सूत्र होते, आणि सूत्र म्हणून त्यात तार्किक सौंदर्यही होते. परंतु तो निव्वळ नफा काढण्यासाठी जी मोजणी आणि जे जबानीतले आकडे दफ्तरात आले ते सदोष होते, हाताखालच्या कारकुनांनी त्यात गैरव्यवहार केला होता, आणि पावसाने ओढ दिल्यावर त्या आकारणीचा भार किती असह्य आहे हे १८३० नंतरच्या काही वर्षांतच दिसून आले. सारा थकला, सूट द्यावी लागली, आणि कुणब्यांनी जमिनी टाकल्या. रयत तीच होती, जमीन तीच होती. वरची व्यवस्था तेवढी बदलली होती.

मग १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांच्याकडे इंदापूरची फेरपाहणी आली, आणि १८३६ पासून येथे जो बंदोबस्त लागू झाला तो पुढे सबंध मुंबई इलाख्याचा नमुना ठरला. त्यांनी नफ्याचे गणित बाजूस ठेवले आणि जमिनीचा मगदूर पाहिला. शेताच्या आकृतीचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनात खणून मातीची खोली हातांनी मोजावयाची, ती काळी आहे, तांबडी आहे की बरड हे पाहावयाचे, आणि चुनखडी, वाळू, उतार, पाण्याने धुपणे किंवा पाणी तुंबणे असा जो दोष आढळेल त्याची खूण करून तितकी प्रत उतरवावयाची, अशी ही रीत होती. १८४७ च्या संयुक्त अहवालात ती तपशिलाने नमूद आहे. पावणेदोन हात खोलीची निर्दोष काळी जमीन सोळा आण्यांची, आणि तेथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. या आण्यांवरून सारा ठरला, तो पूर्वीपेक्षा हलका झाला, आणि पडीक जमिनी पुन्हा वाहितीखाली आल्या. हा बंदोबस्त सर्वस्वी निर्दोष होता असे मी म्हणत नाही. १८६७ मध्ये मुदत संपून फेरआकारणी झाली तेव्हा वाढलेल्या साऱ्याचा बोजा अमेरिकन यादवी युद्धानंतर घसरलेल्या कापसाच्या भावाशी आणि सावकाराच्या कर्जाशी मिळून असा काही जाचक झाला की १२ मे १८७५ रोजी बारामतीजवळच्या सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. तरीही, भार टाकण्यापूर्वी खड्डा खणून खोली पाहण्याची जी रीत इंदापुरास पडली, तिच्याविषयी माझ्या मनात खरा आदर आहे, आणि नवी प्रणाली जुन्या यंत्रावर चढविणाऱ्या कार्यक्रमाने ती रीत उचलावी असे मला कळकळीने वाटते.

दुसरे उदाहरण नीरा डाव्या कालव्याचे. १८७६ च्या भीषण दुष्काळानंतर या कालव्याचे काम मार्गी लागले आणि १८८५ मध्ये त्याचे पाणी सुटले. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील जिराईत रानांचे बागाईत झाले, ऊस आला, पुढे साखर कारखाने उभे राहिले, आणि आज या भागाची जी सुबत्ता आहे तिचा उगम त्या पाण्यात आहे. परंतु पाणी येण्याची व्यवस्था झाली तशी ते निघून जाण्याची झाली नाही. खोल काळ्या जमिनीत पाणी मुरून राहिले, खालचे क्षार वर आले, आणि कालव्याकाठची कित्येक उत्तम शेते चोपण होऊन उजाड पडली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासह १९१० मध्ये नीरेच्या खोऱ्यातील या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. चर खणून निचरा केल्यावर अशा जमिनी सुधारतात, हे आमच्याकडच्या शेतकऱ्यांना आता अनुभवाने ठाऊक आहे. उष्णतेच्या निचऱ्याकडे असेच दुर्लक्ष करून लॅपटॉप तयार करणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत जाडी कमी करण्याच्या ओढीने पंखे आणि जाळ्या आक्रसत नेल्या, इतक्या की काही यंत्रांत पंखा उरलाच नाही. प्रोसेसरची शक्ती मात्र वाढत राहिली. चोपण पडलेली राने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही दिशा चिंताजनक वाटल्यावाचून राहणार नाही.

विंगेटच्या बंदोबस्ताने कुणब्याला तीस वर्षांची हमी दिली होती: एवढ्या मुदतीत तुझा सारा बदलणार नाही, तू विहीर खण, बांध घाल, त्याचे फळ तुझे. यंत्राच्या मालकाला आज असे कोणतेच वचन नाही. विंडोज १० ला दहा वर्षे आधार मिळाला हे ठीक, परंतु त्या दहा वर्षांनंतर नव्या प्रणालीत माझ्या चिपचे कोणते मंडल चालेल आणि कोणते निकामी होईल, हे मला आगाऊ सांगणे कोणाचेही कर्तव्य मानले जात नाही. ते सांगणे अवघड नाही. प्रणाली चढविणारा कार्यक्रम चिपचे नाव वाचतोच. स्मृती पुरेशी आहे की नाही, डिस्कवर जागा आहे की नाही, हे तो बजावतोही. तेथेच आणखी एक ओळ छापावी: या यंत्रावर चित्रफीत उलगडण्याचे मंडल चालू राहील, किंवा राहणार नाही. ती ओळ वाचून सीईटीच्या मुलाचा बाप परीक्षा होईपर्यंत थांबण्याचा निर्णय तरी घेऊ शकेल. ज्यांच्याजवळ दुसरे यंत्र घेण्याची ऐपत नाही त्यांना हा निर्णय आपल्या हाती असण्याचे मोल फार आहे, आणि म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

तोवर जे करता येते ते करावे. नवी प्रणाली आल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस ती पडद्यामागे फायलींची अनुक्रमणिका करीत असते आणि उरलेल्या दुरुस्त्या उतरवीत असते; तेवढ्यापुरते तापणे आपोआप ओसरते, त्याची धास्ती घेऊ नये. त्यानंतरही तापत राहिले, तर चित्रफीत चालू ठेवून विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा: त्यात चित्रप्रक्रियेच्या सदरातील व्हिडिओ डिकोडची रेघ शून्यावर पडून असली आणि प्रोसेसरची वर चढलेली असली, तर ड्रायव्हर नाही किंवा ब्राउझरमधील हार्डवेअर प्रवेगाची कळ बंद आहे असे समजावे, आणि यंत्राच्या निर्मात्याने दिलेला त्याच प्रतिमानाचा ड्रायव्हर मिळवावा. रेघ शून्यावर आहे पण ड्रायव्हर ठीक आहे असे असले, तर चित्रफीत चिपला न येणाऱ्या संकेतात येत आहे. ब्राउझरला एक छोटे पूरक साधन जोडून एच.२६४ मधीलच चित्रफीत मागविता येते, किंवा ७२० ओळींवर उतरता येते, ज्याने बिंदूंची संख्या अर्ध्याहून कमी होते आणि फळ्यावरची अक्षरे तरीही वाचता येतात. यंत्र गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवू नये, कारण हवा बहुधा तळाकडून आत जाते. लाकडी पाट उत्तम. जाळीतील धूळ दर उन्हाळ्याच्या आरंभी दुकानातून काढून घ्यावी, आणि पेस्ट खरोखर सुकली असेल तर बदलावी.

बॅटरीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते, आणि सदोदित पूर्ण भरलेल्या स्थितीत तापत राहिल्यास ते आणखी घटते. ज्या यंत्रांत ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय आहे तेथे ती चालू करावी. स्पर्शपट्टी वर उचललेली दिसली, झाकण नीट मिटेनासे झाले किंवा तळाला फुगवटा जाणवला, तर चार्जर काढून यंत्र ताबडतोब बंद करावे, मुलांना त्याच्यापासून दूर ठेवावे, आणि बॅटरी स्वतः उघडण्याचा प्रयत्न न करता जाणत्या कारागिराकडून ती काढवून घ्यावी. तेवढे व्याख्यान त्या दिवशी मोबाईलवर पाहिले तरी चालेल.